खंड परिक्रमा: नर्मदेकाठी चालताना रात्रीचा मुक्काम कुठे आणि कसा मिळतो?

नोव्हेंबरअखेरची आठ दिवसांची रजा, पाठीवर सॅक, हातात काठी. ठरवलेलं एकच, की नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं. संध्याकाळचे साडेचार वाजलेत, पुढचं गाव आठ किलोमीटरवर आहे आणि सहाला अंधार पडणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या यादीतल्या आश्रमाचा नंबर लागत नाहीये. आता?

नर्मदा परिक्रमेबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'पर्यंत अनेक पुस्तकांनी कित्येकांना या वाटेवर नेलंय. पण नोकरी सांभाळून, सुट्ट्या जोडून, तुकड्या-तुकड्यांत परिक्रमा करणाऱ्यांची संख्या वाढली, तसा एक साधा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. चालणं जमेल, पण रात्री झोपायचं कुठे?

त्याचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर 'मिळतं, पण बुक करता येत नाही' असं देता येईल. पण तेवढ्या उत्तरावर सॅक भरून निघणं शहाणपणाचं नाही.

खंड परिक्रमा म्हणजे नेमकं काय?

नर्मदा मध्य प्रदेशातल्या अमरकंटकला उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहून गुजरातमध्ये भरूचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळते. परिक्रमा म्हणजे तिच्या दोन्ही काठांनी चालत घातलेली प्रदक्षिणा. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही, हे दोन मुख्य नियम. दोन्ही काठांची बेरीज २,६०० किलोमीटरच्या आसपास जाते. प्रत्यक्षात धरणांच्या फुगवट्याला वळसे घालत, डोंगरांतून वाट काढत चालणाऱ्याच्या पायाखालून ३,००० किलोमीटरहून जास्त अंतर जातं. जुन्या पद्धतीने ही परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवसांची. आज एका दमात चालणाऱ्यांना साधारण चार ते सहा महिने लागतात.

इतकी रजा कोण देणार? म्हणून 'खंड परिक्रमा'. एक टप्पा चालायचा, घरी यायचं आणि पुढच्या सुट्टीत जिथे थांबलो त्याच घाटावरून पुन्हा निघायचं. अमेरिकेत अपॅलेशियन ट्रेल नावाची सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट आहे. तीही बरेच जण अशीच तुकड्यांत चालतात आणि त्याला 'सेक्शन हाइक' म्हणतात. फरक मुक्कामाचा आहे. तिथे वाटेत ठरावीक अंतरांवर तीन भिंतींचे लाकडी निवारे बांधलेले आहेत, नकाशात त्यांची नोंद आहे. नर्मदेकाठी अशी एकच एक यंत्रणा नाही. इथे मुक्काम उभा आहे तो माणसांच्या भरवशावर. कुठे शंभर वर्षांची धर्मशाळा, कुठे एका साधूची कुटी, कुठे मारुतीचं देऊळ, तर कुठे एखाद्या शेतकऱ्याची ओसरी.

खंड परिक्रमा 'खरी' की नाही, यावर काठावर वाद आहेत. परंपरा मानणारे नाक मुरडतात. पण तुकड्यांत चालणाऱ्यांचा एक फार मोठा पूर्वज आहे. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड. १९२८ मध्ये जन्मलेल्या वेगडांनी १९७७ मध्ये, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने पहिला टप्पा चालला. पुढची कित्येक वर्षं ते सुट्टी मिळेल तशी नर्मदा चालत राहिले. त्यांच्या गुजराती प्रवासवर्णनाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यामुळे 'आम्ही तुकड्यांत चाललो' हे सांगताना मान खाली घालायचं कारण नाही.

'कितनी मूर्ती हैं?'

पहिल्यांदा जाणाऱ्यांना काठावरची भाषा माहीत नसते आणि मुक्कामाचा निम्मा प्रश्न भाषेनेच सुटतो. आश्रमाच्या दारात उभं राहून 'रूम मिळेल का?' विचारलं, तर समोरचा गोंधळतो किंवा सरळ गावातल्या लॉजकडे बोट दाखवतो. इथे 'नर्मदे हर' म्हणून सुरुवात होते. त्यावर समोरून बहुधा पहिला प्रश्न येतो, 'कितनी मूर्ती हैं?' परिक्रमावासीला इथे 'मूर्ती' म्हणतात. तुम्ही दोघं असाल तर 'दो मूर्ती'. मग 'आसन लगा लो' असं उत्तर आलं, की जागा मिळाली असं समजायचं. आसन म्हणजे तुमची मॅट, सतरंजी किंवा घोंगडी अंथरण्यापुरती जमीन. गादी, उशी, खोली यातलं काहीही त्यात गृहीत नाही. मिळालं तर मैयाची कृपा म्हणायचं.

जेवणाचेही दोन प्रकार. तयार जेवण मिळत असेल तर ती 'भोजनप्रसादी'. सकाळी निघताना पोहे, खिचडी असं काही मिळालं तर तो 'बालभोग'. आणि काही ठिकाणी शिजवलेलं काहीच मिळत नाही, कोरडा शिधा मिळतो. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. त्याला 'सदाव्रत' म्हणतात. सरपण गोळा करून, तीन दगड मांडून ते तुम्हीच शिजवायचं. जाडजूड टिक्कड आणि पातळ डाळ हे काठावरचं ठरलेलं जेवण. जुन्या जाणत्यांकडे म्हणून एक छोटं पातेलं असतंच. शहरातून जाणारे बहुतेक जण ते ओझं म्हणून घरी ठेवतात आणि तिसऱ्या दिवशी पस्तावतात.

अंगावर पांढरे कपडे, गळ्यात किंवा सॅकमध्ये नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली, हातात काठी, ही परिक्रमावासीची ओळख. ट्रेकिंगची पँट घालून गेलं तर कोणी हाकलत नाही, पण 'परिक्रमेत आहात की फिरायला आलात?' हा प्रश्न दर गावात झेलावा लागतो. पूर्ण परिक्रमा करणारे सुरुवातीच्या ठिकाणाहून फोटो लावलेलं प्रमाणपत्र घेतात आणि मुक्कामाच्या जागांचे शिक्के एका वहीत जमवतात. खंड परिक्रमेसाठीही अशी वही ठेवावी. अनोळखी गावात आधार कार्डाच्या झेरॉक्सपेक्षा मागच्या चार गावांचे शिक्के जास्त बोलतात. झेरॉक्स मात्र तरीही हवीच, कारण मोठ्या धर्मशाळांत नोंद केल्याशिवाय जागा देत नाहीत.

सगळा काठ सारखा नाही

'नर्मदाकाठी राहायची सोय होते' हे वाक्य अर्धसत्य आहे. कुठल्या तुकड्यात चालताय, त्यावर सगळं अवलंबून.

सगळ्यात सोपा तुकडा निमाडचा. ओंकारेश्वरहून दक्षिण काठाने खरगोन जिल्ह्यातून बडवानीकडे जाताना कापूस, मिरची, केळीचा सुखवस्तू मुलूख लागतो. थोड्या-थोड्या अंतराने गाव आहे आणि बहुतेक मोठ्या गावांत परिक्रमावासींसाठी काही ना काही सोय आहे. पहिला टप्पा म्हणून बरेच जण हाच निवडतात आणि ते बरोबर आहे. साधारण आठवडा ते दहा दिवसांत बडवानी गाठता येतं. ओंकारेश्वरला शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची शाखा आणि भक्तनिवास आहे. त्यामुळे मराठी माणसाची पहिली रात्र तरी ओळखीच्या वातावरणात जाते. एक गोष्ट लक्षात ठेवायची. संकल्प घेतल्यावर ओंकारेश्वरच्या मांधाता बेटावर जाता येत नाही, कारण तिथे जायचं म्हणजे पात्र ओलांडणं आलं. म्हणजे मुक्कामाची जागा दक्षिण काठावरचीच बघायची.

उत्तर काठावर महेश्वरलाही असंच सुख आहे. अहिल्याबाई होळकरांच्या या राजधानीत घाट, देवळं, धर्मशाळा आणि पर्यटकांसाठीची हॉटेलंही आहेत. नेमावर, बरमान, जबलपूरचा ग्वारीघाट, दक्षिण काठावरचं नर्मदापुरम म्हणजे जुनं होशंगाबाद, इथेही जागेची चणचण सहसा नसते. गुजरातमध्ये नारेश्वरचा रंग अवधूत महाराजांचा आश्रम आणि गरुडेश्वरचं दत्तस्थान ही दोन्ही ठिकाणं दत्तभक्त मराठी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. गरुडेश्वरला टेंबे स्वामींनी, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींनी १९१४ मध्ये समाधी घेतली.

खरी परीक्षा आहे ती शूलपाणीच्या झाडीत.

बडवानी सोडल्यावर दक्षिण काठ सातपुड्यात शिरतो. इथेच महाराष्ट्र येतो. नर्मदेचा ३५ किलोमीटरचा प्रवाह मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवर आहे, त्यापुढचा ३९ किलोमीटरचा महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर. म्हणजे आपल्या वाट्याला फक्त दक्षिण काठ आलाय, तोही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतला, राज्यातला सगळ्यात दुर्गम भाग. पूर्वी या झाडीत परिक्रमावासींना हमखास लुटलं जायचं. अंगावरच्या कपड्यांसकट सगळं जायचं आणि तोही परिक्रमेचाच भाग मानला जायचा. लुटणाऱ्यांना 'मामा' म्हणायची पद्धत होती. आता चित्र बरंच बदललंय. त्याच पाड्यांवरची माणसं आज परिक्रमावासींना जेवू घालतात, ओसरीवर झोपायला जागा देतात. 'मामा' हा शब्द मात्र टिकून राहिला.

मग अडचण कसली? सरदार सरोवराची. १३८.६८ मीटर उंचीचं हे धरण सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण भरलं. धरणाच्या पाण्यात काठावरची जुनी पायवाट गेली, घाट गेले, गावं गेली. शूलपाणेश्वराचं प्राचीन मंदिरही बुडालं आणि गोऱ्याजवळ नवं बांधावं लागलं. आता वाट पाण्यापासून दूर, डोंगरांच्या धारेवरून जाते. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला एक अख्खी दरी उतरून पुन्हा चढावी लागते. सपाटीवर दिवसाला २०-२५ किलोमीटर चालणारा माणूस इथे बाराव्या किलोमीटरला बसतो. मोबाईलला रेंज बहुतेक ठिकाणी नाही. अशा वेळी 'आज कुठपर्यंत पोचू' हा हिशेब सकाळी निघतानाच गावातल्या माणसाला विचारून करायचा. कागदावरची अंतरं इथे फसवी आहेत.

ज्यांना हे झेपणार नाही, त्यांच्यासाठी सडकेचा रस्ता आहे. बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा आणि राजपीपला. वाटेत प्रकाशासारखं मोठं तीर्थक्षेत्र, बाजारपेठा, लॉज, एसटी सगळं आहे. नर्मदा मात्र दिसत नाही, आणि प्रकाशाला जी नदी भेटते ती तापी. वय, गुडघे, सोबत आणि रजा बघून ठरवावं. यात कमीपणा काही नाही.

तिसरा अवघड भाग वरचा. मंडला, दिंडोरी ते अमरकंटक. इथे गोंड आणि बैगा आदिवासींची छोटी गावं, साल वृक्षांची जंगलं आणि दोन वस्त्यांमध्ये मोठी अंतरं. आश्रम कमी. मुक्काम बहुतेकदा शाळेच्या व्हरांड्यात, पंचायत भवनात किंवा कोणाच्या तरी घरी. अमरकंटक १,००० मीटरहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याजवळ जातो, पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं असतं. अमरकंटकमध्ये कल्याण सेवा आश्रमासारख्या मोठ्या जागा आहेत, पण त्याच्या अलीकडच्या दोन-तीन रात्री उघड्या पडवीत काढायची तयारी हवी. जी स्लीपिंग बॅग निमाडात ओझं वाटते, ती इथे जीव वाचवते.

आश्रम भरलाय, आता काय?

कार्तिकी एकादशीनंतर चातुर्मास संपतो आणि परिक्रमावासींची मोठी लाट निघते. ओंकारेश्वरहून एकाच आठवड्यात निघालेले शेकडो जण रोज साधारण सारखंच अंतर कापतात आणि त्याच त्या मुक्कामांवर एकमेकांना भेटतात. त्यात बसने परिक्रमा करणाऱ्यांच्या सहली आल्या की एका रात्रीत हॉल भरतो. खंड परिक्रमा करणाऱ्यांच्या हातात इथे एक फायदा आहे. तुम्हाला कार्तिकातच निघायची सक्ती नाही. तुमचा टप्पा त्या लाटेच्या आगेमागे, जानेवारीच्या मध्यात किंवा फेब्रुवारीत टाकला, तर त्याच आश्रमांत निवांत जागा मिळते.

तरीही जागा नाही मिळाली तर? गावातलं देऊळ हा पहिला पर्याय. पुजाऱ्याला किंवा शेजारच्या घरी विचारून सभामंडपात आसन लावता येतं. दुसरा पर्याय शाळेचा. सुट्टी झाल्यावर शिक्षक किंवा सरपंच यांच्या परवानगीने व्हरांडा मिळतो, सकाळी शाळा भरायच्या आत तो झाडून मोकळा करायचा. आणि तिसरा पर्याय म्हणजे कोणाचं तरी घर. दार ठोठावायला शहरी माणूस लाजतो. पण काठावरच्या गावात संध्याकाळी सॅक घेऊन चाललेला माणूस दिसला, की बऱ्याचदा समोरूनच हाक येते.

वेळ महत्त्वाची. चारच्या सुमाराला मुक्कामाच्या गावात पोचणाऱ्याला जागा मिळते, सातला पोचणाऱ्याची अडचण होते. अंधारात अनोळखी दारात उभं राहणं दोन्ही बाजूंना नको वाटतं. शिवाय जंगलाचा भाग असेल तर रात्री चालणं हे सरळसरळ धोक्याचं आहे.

आणि एक पर्याय असा आहे, जो फोटोत फार सुंदर दिसतो पण निवडू नये. तो म्हणजे नदीच्या वाळूत तंबू ठोकणं. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी एकामागून एक धरणं नर्मदेवर आहेत. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं, की खालच्या भागात पातळी थोड्या वेळात चढते. आभाळ स्वच्छ असतं, पाऊस नसतो, तरीही पाणी येतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजी इथे अमावास्येच्या यात्रेसाठी भाविक पात्रात जमले होते. रात्री इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं आणि पन्नासहून जास्त जणांचा जीव गेला. रात्री पात्रात झोपू नका, असं गावकरी सांगतात तेव्हा त्यामागे श्रद्धा-अंधश्रद्धा काही नसते. त्यांनी हे पाहिलेलं असतं. खालच्या भागात मगरीही आहेत, हे वेगळं. तंबू न्यायचाच असेल तर तो देवळाच्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर, मालकाला विचारून लावावा.

महिलांनी काय लक्षात घ्यावं?

एकट्याने किंवा मैत्रिणींसोबत चालणाऱ्या महिलांची संख्या काठावर वाढली आहे. निवृत्त शिक्षिकांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळ्या वयाच्या. भारती ठाकूर यांचं 'नर्मदा परिक्रमा: एक अंतर्यात्रा' वाचून निघालेल्याही त्यात आहेत. मुक्कामाच्या बाबतीत महिलांना दोन गोष्टी वेगळ्या पडतात. पहिली म्हणजे स्वच्छतागृह. मोठ्या धर्मशाळा सोडल्या तर बंद न्हाणीघर मिळेलच असं नाही. घाटावर अंघोळ करताना वापरायला एक मोठी ओढणी किंवा गाऊन सोबत ठेवणं हा अनुभवी महिलांचा नेहमीचा सल्ला. दुसरी गोष्ट जागेची निवड. एकांतातल्या कुटीपेक्षा जिथे कुटुंब राहतं ते घर किंवा जिथे इतर महिला परिक्रमावासी उतरल्या आहेत ती धर्मशाळा केव्हाही बरी. एखाद्या ठिकाणी पाऊल टाकताच अस्वस्थ वाटलं, तर भिडेखातर थांबू नये. म्हणूनही चारच्या सुमाराला पोचणं कामाचं, कारण पुढच्या गावाला जायला उजेड शिल्लक राहतो.

मासिक पाळीबद्दल प्रत्येक आश्रमाचे नियम वेगळे आहेत. काही ठिकाणी विचारतही नाहीत, काही ठिकाणी वेगळी जागा देतात. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी त्या दिवसांसाठी मोठ्या गावातला लॉज गाठलेला बरा. वाद घालण्याची जागा दमलेल्या पायांची संध्याकाळ नव्हे, आणि लपवाछपवीचा ताण चालण्याहून जास्त थकवतो.

हे सगळं मोफत असतं का?

पैसे मागत नाहीत, हे खरं. पण 'मोफत' हा शब्द चुकीचा आहे. आश्रमातलं पीठ कुणीतरी दळून आणलेलं असतं, डाळ कुणाच्या तरी शेतातली असते. निमाडातल्या धर्मशाळांमागे व्यापारी, शेतकरी, ट्रस्ट उभे असतात. झाडीतल्या पाड्यावर मात्र जो माणूस तुम्हाला भाकरी देतो, त्याच्या घरात पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढी ज्वारी असतेच असं नाही. आणि त्याच्या दारात रोज नवी मूर्ती येते.

म्हणून दानपेटी दिसली की त्यात टाकायचं आणि घरी मुक्काम केला तर निघताना घरातल्या बाईच्या किंवा मुलांच्या हातात काहीतरी ठेवायचं. रोख घ्यायला संकोच असेल तर गावातल्या दुकानातून गूळ, चहापत्ती, साखर, तेल आणून दिलेलं चालतं. ताट स्वतः घासायचं, आसनाची जागा झाडायची. गटाने जाणाऱ्यांसाठी हे जास्तच लागू. चार जणांना एखादं घर सामावून घेतं, पण पंचवीस जणांचा ग्रुप न सांगता पाड्यावर धडकला, की ती सेवा राहत नाही, तो बोजा होतो. मोठ्या गटाने स्वतःचा शिधा बाळगावा किंवा मोठ्या ठिकाणीच उतरावं.

आणि त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या याद्या? त्या उपयोगी आहेत, पण शिळ्या असतात. एखादा साधू कुटी सोडून पुढे निघून जातो, ट्रस्ट बदलतो, नंबर बंद होतो. यादीतल्या नावापेक्षा समोरून येणाऱ्या गावकऱ्याचा शब्द ताजा असतो. कालच्या मुक्कामावर निघताना 'पुढे कोणाकडे आसन मिळेल?' विचारलं, तर बहुतेक वेळा नाव आणि निरोप दोन्ही मिळतात. 'अमक्या बाबांनी पाठवलंय' हे वाक्य पुढच्या दारात कोणत्याही ऑनलाइन बुकिंगपेक्षा चांगलं चालतं.

टप्पा कुठे तोडायचा?

इथे नकाशापेक्षा रेल्वेचं वेळापत्रक जास्त उपयोगी. टप्प्याची शेवटची रात्र अशा ठिकाणी यायला हवी, जिथून घरी परतता येईल आणि पुढच्या वेळी तिथेच पुन्हा येता येईल. ओंकारेश्वरसाठी इंदूर किंवा खंडवा. दक्षिण काठावर हंडियाजवळ हरदा आणि नर्मदापुरम. बरमानसाठी करेली. उत्तर काठावर जबलपूर. अमरकंटकसाठी छत्तीसगडमधलं पेंड्रा रोड. गुजरातमध्ये दक्षिण काठाला अंकलेश्वर आणि उत्तर काठाला भरूच. गरुडेश्वरच्या जवळ २०२१ पासून केवडियाचं, म्हणजे आताचं एकतानगर स्थानक आहे. बडवानी आणि दिंडोरी या दोन्ही जिल्ह्यांच्या गावांना रेल्वे नाही, तिथून बसने निघावं लागतं. त्यामुळे परतीचा एक दिवस जास्त धरायचा.

ज्यांच्याकडे एकच रविवार आहे, त्यांच्यासाठी चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा आहे. गुजरातमध्ये तिलकवाडा आणि रामपुऱ्याजवळ नर्मदा काही अंतर उत्तरेकडे वाहते. तेवढीच, साधारण २१ किलोमीटरची ही परिक्रमा एका दिवसात होते. मुक्कामाचा प्रश्न येत नाही, गर्दीचा येतो.

आणि शेवटी तो टप्पा, जिथे मुक्काम तुमच्या हातात नसतोच. दक्षिण काठ विमलेश्वर-कठपोरला समुद्राजवळ संपतो. तिथून होडीने पलीकडे, दहेजजवळच्या मिठी तलाईला जायचं. परिक्रमेत होडीने काठ बदलण्याची हीच एक जागा. होडी सुटते ती भरतीच्या वेळेवर. भरती पहाटे तीनला असेल तर होडीही तेव्हाच, आणि पलीकडे पोचायला तीन-चार तास लागतात. नावं नोंदवून, मागून येणारे परिक्रमावासी जमेपर्यंत आणि पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं. हंगामात हे थांबणं कधी काही तासांचं असतं, कधी दोन-तीन दिवसांचं. जागा मर्यादित, पाणी खारं, डासही भरपूर. मच्छरदाणी, दोन दिवस पुरेल एवढं कोरडं खाणं आणि प्यायच्या पाण्याची भरलेली बाटली इथे लागते. रजेतही दोन दिवस राखून ठेवावे. परतीचं तिकीट काढताना एवढं बघा, की होडी तुम्हाला उत्तर काठावर सोडणार आहे. तिकीट भरूचहून काढायचं, अंकलेश्वरहून नाही.